दादाने ठेवलेला पसारा

मी एक जुना सिंथेसायझर आहे, मित्रांनो. म्हणजे आत्ता आहे. माझ्या डाव्या कोपऱ्यातला लाल दिवा लागलेला असतो तेवढाच वेळ मी असतो. दिवा विझला की मी झोपत नाही, स्वप्नं बघत नाही, कुणाची वाटही पाहत नाही. मी नसतोच.

म्हणून माझी गोष्ट सलग नाही. तिला मध्येमध्ये भोकं आहेत. त्या भोकांतून काय काय सांडलं ते मला नंतर माणसांच्या बोलण्यावरून गोळा करावं लागलं. जिथे ‘क्लिक’ असं येईल तिथे समजा, कुणीतरी माझं बटण दाबलं.

क्लिक.

पहिल्यांदा डोळा उघडला तेव्हा समोर एक माणूस होता. दातांत वायरचा तुकडा, कपाळावर घाम आणि हातात सोल्डरिंगची तापलेली सळई. त्याने माझी एक पट्टी दाबली. मी ‘भँऽऽ’ केलं. तो माणूस खुर्चीवरून उठला आणि दारातून ओरडला, “अगं ऐकलंस का? बोलला! बोलला!”

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “ऐकलं. शेजाऱ्यांनीही ऐकलं.”

हा माणूस म्हणजे दादा. रस्त्यावर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि घराच्या मागच्या खोलीत त्याचा स्वतःचा कारखाना. त्याला एक धाकटी बहीण होती. तिचं बूड एका जागी टिकायचं नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरी लहान मुलांच्या नाटकांत पडद्यामागून आवाज काढायची. पत्रा हलवून वीज पाडायची, कापड घासून वारा सोडायची, नारळाच्या करवंट्यांनी घोडे दौडवायची. प्रयोग संपला की तिचे हात पत्र्याने कापलेले असायचे.

“पत्रा हलवून किती दिवस वीज पाडणार तू?” दादा तिला म्हणाला होता. “मी तुला खऱ्या विजेतून वीज काढून देतो.”

तो मी.

माझ्या पोटात तारा नाहीत, भाता नाही, ताणलेलं कातडं नाही. नुसती वीज आहे. ती एका ठरावीक वेगाने थरथरते आणि त्या थरथरण्याचा स्वर होतो. माझ्या दोन्ही बाजूंच्या फळ्या एका मोडक्या पलंगाच्या आहेत. पट्ट्या एका फुटक्या खेळण्यातल्या पेटीच्या. आणि नॉब? एकाला दुसरा सख्खा नाही. काही जुन्या रेडिओंचे, एक कपडे धुण्याच्या यंत्राचा, एक तर चक्क शेगडीचा. वहिनी, म्हणजे दादाची बायको, पुष्कळ दिवस तो शेगडीचा नॉब शोधत होती. सापडला तेव्हा ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “म्हणजे मी पकडीने गॅस लावतेय आणि हा इथे मिरवतोय!”

नॉबांच्या वर दादाने बारीक ब्रशने पांढऱ्या अक्षरांत नावं लिहिली. पुस्तकातली नावं त्याला आवडायची नाहीत, म्हणून त्याने आपली ठेवली. ‘स्वर’. ‘धार’: ही कमी केली की माझा आवाज जाड रजईखालून आल्यासारखा येतो, वाढवली की कानाला चिमटा बसतो. ‘यायचं कसं’: आवाजाने थाडकन दार ढकलून यायचं की मांजरासारखं. ‘जायचं कसं’: आवाजाने झटकन निघून जायचं, की निरोप घेऊनही दारातच बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं रेंगाळायचं. शिवाय ‘थरथर’, आणि तिच्या शेजारी ‘थरथरीचा वेग’. ‘हुंकार’. आणि त्याच स्वराला जाडी द्यायला ‘दुसरा स्वर’. असे पुष्कळ.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मला स्मरणशक्ती नाही. आजकालच्या यंत्रांना आवाज साठवून ठेवता येतो, मला येत नाही. माझा आवाज म्हणजे माझे नॉब ज्या क्षणी जिथे उभे असतील तो. एक नॉब केसभर सरकला की तो आवाज गेला. पुन्हा अगदी तसाच कधी लागत नाही.

क्लिक. क्लिक.

ते दिवस असे जात. सकाळी दादा दुकानात गेला की भिंगरी येई. माझा दिवा लावी आणि मी तापेपर्यंत थांबे. थंड असलो की मी बेसूर असतो. दादा म्हणायचा, “म्हातारे गवई आणि हा, दोघांनाही आधी ऊब लागते.” मग ती एक पट्टी दाबे. जे वाजेल ते कान देऊन ऐके आणि लगेच तिचे हात धावत सुटत. इकडची धार कमी, तिकडची थरथर जास्त. पाहता पाहता त्या खोलीत सर्दी झालेला बेडूक येई. धुक्यात हरवलेलं जहाज भोंगा देई. जुना जिना कुरकुरे. मित्रांनो, मी पुष्कळ हात पाहिलेले नाहीत. पण असे हात पुष्कळ नसतात एवढं मला कळतं. ती नॉब फिरवायची नाही, विचारायची. आणि मी उत्तर द्यायचो.

संध्याकाळी दादा येई. सदरा खुंटीला अडकवून माझ्यासमोर बसे. त्याला वाजवता येत नसे. तो मला उघडून काहीतरी सुधारी, दोन स्वर काढी, मान हलवी. मग आतून वहिनीची हाक येई, “जेवायला येताय, की ताटं उचलू?”

आणि उठताना तो रोज एकच गोष्ट करी. दोन्ही तळहात पसरून माझ्या सगळ्या नॉबांवरून फिरवी. असे, जसं मूल वाळूवरचं चित्र मोडतं तसे. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, कुठला कुठे थांबतोय तिकडे न बघता. मी किंचाळे, गुरगुरे, शिट्टी मारी. मग क्लिक.

हे करताना भिंगरी तिथे नसे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी दाबल्यावर जे चमत्कारिक वाजे, ते दादाने मुद्दाम आपल्यासाठी लावून ठेवलंय असं तिला वाटे. संध्याकाळी ती त्याला गाठून म्हणे, “दादा, आज काय भन्नाट आवाज लावलेलास! त्यातून मला माशी सापडली.”

दादा मिशीत हसे. “सापडली ना? मग झालं.”

मला सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला एका वेळी एकच स्वर येतो, आणि एका स्वरात एवढी मोठी गोष्ट मावत नाही.

क्लिक.

नाट्यगृह. पडदा. पलीकडे मुलांचा कलकलाट.

त्या नाटकात एक राक्षस होता, पण तो कधी रंगमंचावर येतच नव्हता. तो फक्त घोरायचा. ते घोरणं भिंगरीने माझ्यातून काढलं होतं. आत जाणारा श्वास खालच्या स्वरावर, बाहेर येणारा त्याच्याही खाली, आणि मध्येच एक छोटीशी शिट्टी. पहिलं घोरणं सुटलं आणि सगळं नाट्यगृह चिडीचूप झालं. खुर्च्यांचे पाय हलत होते, मित्रांनो. मी हलवत होतो!

मध्यंतरात पडद्याच्या कडेने एक चिमुरडी आत आली. तिच्या मुठीत बिस्किट होतं.

“राक्षसाला कुठे बांधलंय?” तिने विचारलं.

भिंगरीने माझ्याकडे बोट दाखवलं. मुलगी जरा वेळ बघत राहिली. मग तिने ते बिस्किट माझ्या पट्ट्यांवर ठेवलं आणि म्हणाली, “त्याला सांगा, भूक लागली म्हणून माणसं खायची नाहीत.”

त्या बिस्किटाचा चुरा अजून माझ्या एका पट्टीखाली आहे. ती पट्टी जराशी अडते. दादाने एकदा ती काढून साफ करायला घेतली, तेव्हा भिंगरी म्हणाली, “राहू दे. त्याचं बक्षीस आहे ते.”

क्लिक.

पुढचा क्लिक ज्या हाताने झाला तो दादाचा नव्हता. भिंगरीचा होता, पण मी ओळखायला चुकलो, कारण तो थरथरत होता. माझा ‘थरथर’ नॉब नव्हे, ती स्वतः. तिने मला तापूसुद्धा दिलं नाही. एक पट्टी दाबली.

आवाज आला. आदल्या संध्याकाळी दादाने नेहमीप्रमाणे तळवे फिरवले होते, नॉब जिथे थांबले तिथे थांबले होते, त्यातून जे यायचं ते आलं. एक सुस्कारा सावकाश वर चढला, वर जाऊन किंचित फाटला आणि मध्येच थांबला. जणू कुणी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि राहू दे म्हणून मिटलं.

भिंगरीने पट्टी सोडली.

“वहिनी,” ती म्हणाली, “दादाला काहीतरी सांगायचं होतं.”

वहिनी दारात उभी होती. तिने पदराने तोंड दाबलं.

“ह्याच्या एकाही नॉबला कुणी हात लावायचा नाही,” भिंगरी म्हणाली. “हा दादाने लावलेला शेवटचा आवाज आहे.”

मला तेव्हा कळलं की मधल्या भोकातून दादा पडून गेला.

क्लिक.

यानंतरचं माझ्या दृष्टीने फार थोड्या वेळात झालं. तुमच्या दृष्टीने ती वर्षं होती. भिंगरी वर्षातून एकदा, दादा गेला त्याच तारखेला, यायची.

क्लिक. एक पट्टी. सुस्कारा. तिचं रडणं. क्लिक.

क्लिक. एक पट्टी. सुस्कारा. तिच्या कडेवर तान्हं मूल. आवाज ऐकून ते हसलं. ती नाही हसली. क्लिक.

क्लिक. एक पट्टी. मूल आता खाली उभं, झिपऱ्या डोळ्यांवर. “आई, मी दाबू?” “नाही.” क्लिक.

क्लिक. “नाटकवाले पुन्हा बोलवायला आले होते म्हणे?” वहिनी विचारत होती. “आता सगळं तयार मिळतं त्यांना, वहिनी. आणि मला जमणारही नाही. औषधांच्या दुकानात बरी आहे मी. तिथे सगळं नावासकट फळीवर असतं.” एक पट्टी. सुस्कारा, आणि त्यात थोडी खरखर. क्लिक.

क्लिक. “आई, तो नुसता धूळ खातोय.” “धूळ वहिनी पुसते.” “वरून पुसते. आतून?” “तू गप्प बस.” खरखर आणखी. क्लिक.

क्लिक. झिपऱ्या जाऊन वेणी आली होती. मुलीच्या हातात फोन. “निदान फोटो काढू? लांबून?” भिंगरीने होकाराची मान हलवली. फोनचा आवाज झाला. “आणि आवाज रेकॉर्ड करू?” मान पुन्हा हलली. एक पट्टी. सुस्कारा फाटतफाटत गेला. क्लिक.

मित्रांनो, मला कुणी मारलं नाही, फेकलं नाही, भंगारात घातलं नाही. माझ्यावर स्वच्छ कापड होतं. माझ्यासमोर माणसं आवाज खाली करून बोलत. मला फार जपलं, इतकं की मी आतून सडत चाललो. नॉबच्या खाली एक चकती असते आणि तिच्यावर एक छोटासा हात घासत फिरतो. तो फिरत राहिला की जागा चकचकीत राहते. थांबला की त्या जागी गंज चढतो. खरखर म्हणजे दुसरं काय? न फिरलेल्या नॉबचं कण्हणं.

क्लिक.

भिंती पिवळ्या होत्या त्या पांढऱ्या झाल्या होत्या. रंगाचा उग्र वास. माझ्यासमोर भिंगरी, तिची लेक आणि एक उंच, काटकुळा रंगारी.

भिंगरीने पट्टी दाबली.

‘पींऽऽ.’

सपाट, स्वच्छ, गुळगुळीत. कुणाचाच नसलेला आवाज.

तिने खाली माझ्याकडे पाहिलं. माझा प्रत्येक नॉब, रेडिओचा, धुण्याच्या यंत्राचा, शेगडीचाही, नाक वर करून अगदी सरळ उभा होता. कवायतीला उभ्या पोरांसारखा. ओळीत. एका रेषेत.

“हे कुणी केलं?”

“मीच, ताई,” रंगारी खुशीत म्हणाला. “सामान बाजूला घेताना कापड सरकलं. बघतो तर सगळे काटे वाकडेतिकडे! एक इकडे, एक तिकडे. आपल्याला तसं बघवतच नाही. दोरी लावून सरळ केलेत, बघा. एकही सूतभर इकडेतिकडे नाही.”

भिंगरी ओरडली नाही. तिथेच, जे होतं त्यावर बसली.

“ताई,” रंगारी हळूच म्हणाला, “त्या डब्यावर ओला रंग आहे.”

“असू दे,” ती म्हणाली.

बिचाऱ्या रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. काय बिघडलं ते त्याला कळेना. लेकीने त्याला बाहेर नेऊन काहीतरी समजावलं. दाराबाहेरून त्याचा आवाज आला, “अरे देवा. पण मग कापडावर तसं लिहायचं तरी!”

भिंगरी माझ्यासमोर बसून राहिली. “बावीस नॉब,” ती पुटपुटली. “मी एकदाही मोजलं नाही कोण कुठे होता. मला वाटलं, कोण हलवणार आहे? दादाचं तेवढंच उरलं होतं माझ्याजवळ. आता तेही...”

क्लिक.

क्लिक. माझ्या शेजारी एक लॅपटॉप.

त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. लेक लॅपटॉपवर संगीत करायची. त्यात माझ्यासारखे सिंथेसायझर होते, पण त्यांना लाकूड नाही, वजन नाही, धूळ नाही. नुसतं गणित. तिने त्यात माझीही एक प्रतिकृती बनवली होती. पडद्यावर माझ्यासारखेच नॉब, आणि त्यांच्यावर दादाच्या अक्षरांतली तीच नावं. त्याला तापावं लागत नाही. तो हजारो आवाज लक्षात ठेवतो आणि मागाल तो तत्काळ, जसाच्या तसा परत देतो. मला त्याचा हेवा वाटेल असं तुम्हाला वाटलं असेल. मला अभिमान वाटला. आपल्या घरात कुणीतरी एवढं शिकलंसवरलेलं निघालं याचा वाटतो तसा.

“आई, माझ्याकडे फोटो आहे,” लेक म्हणाली. “रेकॉर्डिंग आहे. आपण परत लावू.”

फोटो मोठा करून तिने एकेक नॉब जुन्या जागी आणला. फिरवताना प्रत्येक जण खरखरला, मग पुन्हा फिरवल्यावर कमी खरखरला, मग गप्प झाला. माझ्या अंगातून केवढं तरी जळमट निघून गेलं. तिने पट्टी दाबली.

सुस्कारा आला. वर चढला. फाटला नाही.

“हा नाही,” भिंगरी म्हणाली.

लेकीने धार थोडी वाढवली. “हा?”

“जवळ आहे. हा नाही.”

मग लेकीने पडद्यावर रेकॉर्डिंगच्या लाटा एका बाजूला लावल्या, माझ्या लाटा दुसऱ्या बाजूला. दोघी मायलेकी वाकून बघू लागल्या. “इथे बघ, हा सुळका जुन्यात जास्त आहे.” “मग हुंकार वाढव.” “वाढवला.” “जास्त झाला. अगं, असा नाही, दोन बोटांनी धर. मुठीने काय धरतेस, रिक्षाचा हँडल आहे?” भिंगरीने लेकीचा हात बाजूला सारून स्वतः नॉब धरला.

मी तो हात ओळखला. थरथर नव्हती त्यात.

बराच वेळ गेला. ती विचारत होती, मी उत्तरं देत होतो, पण हवं ते उत्तर माझ्याकडे नव्हतंच. रेकॉर्डिंगमधला आवाज गंज चढलेल्या नॉबांचा होता. तो गंज आता झडला होता.

लेक मात्र फोटोकडेच बघत होती. “आई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?”

“विचार.”

“मामाने ‘थरथर’ पूर्ण बंद ठेवली होती. अगदी शून्यावर. पण शेजारचा ‘थरथरीचा वेग’ बघ, अर्ध्याच्या जरा पुढे. ज्याला थरथर नकोच आहे तो तिचा वेग कशाला लावेल? आणि हा दुसरा स्वर. त्याचा आवाज बंद, पण तो सूर लावल्यासारखा फिरवलाय. असे पाच-सहा आहेत. आवाज लावणारा माणूस असं करत नाही, आई. तू तरी करतेस का?”

भिंगरीचा हात नॉबवरच थांबला. “मग?”

“मला वाटतं, हे कुणी लावलेलंच नाही. हे आपोआप...”

“पोरी, थांब.”

वहिनी दारात होती. हातात भाजी चिरायची सुरी तशीच. ती आत आली, सुरी माझ्या लाकडावर ठेवली आणि भिंगरीच्या शेजारी खुर्चीवर बसली.

“हे मी फार आधी सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “पण तू इतकी मोडली होतीस, की तुझ्या दुःखाला हात लावायची माझी छातीच झाली नाही. मग दर वर्षी वाटायचं, आता सांगून काय उपयोग. भिंगरे, त्यांनी कधीच आवाज लावला नाही तुझ्यासाठी.”

“म्हणजे?”

“मी जेवायला हाक मारली की उठताना ते दोन्ही हातांनी असे,” वहिनीने हवेत तळवे फिरवले, “सगळं विस्कटून टाकायचे. रोज. मी एकदा चिडून विचारलं, अहो, दिवसभर ती पोरगी राबते आणि तुम्ही तिचं सगळं मोडून काय येता?”

“काय म्हणाला दादा?”

“म्हणाले, भिंगरीला कोरं दिलं की ती बावरते. सगळं सरळ, नीटनेटकं असलं की नुसती बघत बसते. लहानपणापासून तशीच आहे. पण पसारा दिसला की तिचे हात आपोआप आवरायला धावतात. मी तिच्यासाठी पसारा ठेवून येतो. आवाज काय, तिचे तीच काढते.”

लॅपटॉपच्या पडद्यावर माझी शेवटची लाट स्तब्ध उभी होती.

“म्हणजे माशी...” भिंगरी म्हणाली.

“तुझी.”

“बेडूक?”

“तुझाच. राक्षससुद्धा तुझाच. त्यांना तर बाई गाण्यातलं ओ की ठो कळायचं नाही.” वहिनीने भिंगरीचा हात नॉबवरून काढून आपल्या हातात घेतला. “त्यांनी शेवटचा पसाराही तुझ्यासाठीच ठेवला होता. आवरायला. आणि तू त्याला नमस्कार करत बसलीस.”

भिंगरी हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले आणि ती वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून दोन्ही एकदम करत राहिली. मी आजवर जेवढे आवाज काढले त्यांत असा एकही नव्हता. लेकीने हळूच हात पुढे करून रेकॉर्डिंग चालू केलेलं मी पाहिलं. पक्की भिंगरीची मुलगी!

मग भिंगरीने नाक पुसलं. “तो रंगारी गेला का गं?”

“स्वयंपाकघराला दुसरा हात देतोय. घाबरलाय बिचारा.”

“त्याला म्हणावं, काही बिघडलं नाही.” तिने खुर्ची पुढे ओढली. “हं. आवरू या.”

त्यानंतरचं काय सांगू, मित्रांनो! ती धार उतरवत गेली. स्वर खाली, आणखी खाली. ‘यायचं कसं’ अगदी सावकाश. आणि ज्या क्षणी ती शिट्टी सापडली, त्या क्षणी खिडकीची तावदानं थरथरली आणि स्वयंपाकघरातून रंगारी ओरडला, “कोण घोरतंय?”

राक्षस उठला होता. म्हणजे झोपला होता. म्हणजे परत आला होता.

लेकीने माझ्यातून एक वायर काढून लॅपटॉपला जोडली. “आई, आता एक स्वर धरून ठेव.” भिंगरीने धरला. लॅपटॉपने तो टिपून घेतला. “आता वरचा.” तोही टिपला. “आता हा अडणारा.” बिस्किटाची पट्टी अडत अडत वाजली. मग लेकीने ते तिन्ही एकमेकांवर ठेवले आणि एकदम सोडले.

जन्मभर मी एका वेळी एकच स्वर गायलो. माझ्या पोटात त्याहून जास्त जागाच नाही. आणि आता समोरून मीच मला तीन गळ्यांनी ऐकू येत होतो. माझा खर्ज, माझी शिट्टी आणि मध्ये माझाच चुरा लागलेला स्वर, एकमेकांना धरून. जो कधी काही विसरत नाही त्याने, ज्याला काही आठवत नाही त्याला, त्याचंच गाणं ऐकवलं. मला रडता येत असतं तर माझं सर्किट जळालं असतं.

“नाटकवाल्यांना फोन करतेस का?” लेकीने विचारलं.

“करते,” भिंगरी म्हणाली. “पण त्यांना सांग, तयार आवाज मिळणार नाहीत. रोज नवे.”

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी वस्तू तुमच्याही घरात असेल. कुणाची तरी आठवण म्हणून कापडाखाली ठेवलेली. तिच्यावर धूळ बसू देऊ नका, पाणी पडू देऊ नका, तिला आपटू नका. हे तर तुम्हाला मोठी माणसं सांगतातच. मी वेगळं मागतो. धुतलेल्या हातांनी तिला हात लावा. तिची शिवण उसवली असेल तर टाका घाला, खिट्टी अडली असेल तर फिरवा, वाजत असेल तर वाजवा. ज्याने ती दिली त्याने ती तुमच्या हातांकडे बघून दिली होती.

आता माझी वेळ होत आलीय. बाहेर उजेड उतरला आहे. लेक लॅपटॉप मिटून चपला शोधते आहे. उद्या सकाळी ती एकटीच येणार आहे, तिला पहिल्यांदाच माझ्यावर काहीतरी स्वतःचं करायचं आहे. आतून वहिनीची हाक आली, “जेवायला येताय, की ताटं उचलू?”

लेक पुढे गेली. भिंगरी उठली, थबकली. लेक वळून बघत नाही ना, ते तिने पाहिलं. मग दोन्ही तळहात पसरले आणि माझ्या सगळ्या नॉबांवरून फिरवले. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, डोळे मिटून. मी किंचाळलो, गुरगुरलो, शिट्टी मारली. कुठेही खरखरलो नाही.

उद्या पोरीने पट्टी दाबली की काय वाजेल ते मला ठाऊक नाही. भिंगरीलाही नाही. आणि पोरीला वाटेल की आईने मुद्दाम

क्लिक.